दुपारचा एवढासा तास

मे महिना, सकाळचे दहा वाजायला आलेले आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. काकू प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होत्या. या काकू नात्यातल्या नाहीत. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांची वाळवणं त्या उन्हाळ्यात करून देतात, आणि त्यांच्याकडे तारीख मिळणं हे कार्यालयाची तारीख मिळण्याइतकंच अवघड आहे. गव्हाच्या चिकाचा आंबूस, उबदार वास सगळ्या गच्चीवर पसरलेला. सोऱ्या फिरवता फिरवता त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका फळीवर गेली. माझ्या भाच्यानं सुट्टीतला उद्योग म्हणून केलेलं सूर्यघड्याळ होतं ते: प्लायवुडचा तुकडा, त्यावर चिकटवलेला छापील कागद, कागदावर एका बिंदूतून फुटलेल्या रेघा, आणि त्या बिंदूतून तिरकी वर निघालेली माझी जुनी विणकामाची सुई. काकूंनी हात चिकानं भरलेले असल्यामुळे कोपरानंच रेघांकडे दाखवलं. म्हणाल्या, "ताई, हे असं कसं हो? बारा ते एक एवढासा तास, आणि पाच ते सहा केवढा मोठा. तास म्हणजे तास ना? उलट दुपारचाच तर सरत नाही."

भाचा तिथेच होता. आठवीत आहे, पण त्याच्या वर्गात कुणी शिकवलेलं नसलेलंही त्याला ठाऊक असतं. "त्याचा फॉर्म्युला असतो काकू. साइन आणि टॅन. साइटवर अक्षांश टाकला की आपोआप येतं." काकू बरं म्हणाल्या आणि पुढच्या कुरडईला लागल्या.

उत्तर अगदी बरोबर होतं आणि त्यानं कुणालाच काही कळलं नव्हतं, हे मला दिवसभर खुपत राहिलं. मी आयुष्यभर बँकेत बेरजा-वजाबाक्या केल्या. त्यापलीकडचं गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण काकूंचा प्रश्न गणिताचा नव्हताच मुळी. त्यांना रेघा डोळ्यांनी दिसल्या होत्या. पुण्यासाठी छापलेल्या त्या कागदावर बारा आणि एकच्या रेघांमध्ये जेमतेम ५ अंशांची फट आहे, आणि पाच व सहाच्या रेघांमध्ये तब्बल ४०. ज्या बाईनं डोळ्यांनी पाहून प्रश्न विचारला, तिला डोळ्यांनी पाहता येईल असंच उत्तर मिळायला हवं. सूत्र ऐकून मान डोलावणं म्हणजे कळणं नव्हे. आपल्याकडे शाळेत निम्म्या गोष्टी अशाच मान डोलावून मागे टाकल्या जातात, आणि मग माणूस चारचौघांत कौतुकानं सांगतो की मला बाई गणित येत नाही.

सावलीवरून वेळ ओळखणं मला नवीन नाही, आणि माझ्या पिढीतल्या कुणालाच नसावं. आजोळी माजघराच्या उंबऱ्यावरून ऊन आत सरकायचं. ते जात्याच्या कडेला टेकलं की आजी चूल पेटवायला घ्यायची, आणि तुळशीवृंदावनाची सावली अंगणातल्या दगडी पन्हळीवर पोचली की गडीमाणसांना हाक जायची. कुठेही आकडा लिहिलेला नव्हता. मला तेव्हा गंमत वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची: दिवाळीच्या सुट्टीत गेले की ऊन एका जागी असायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भलतीकडेच. आजीचा मात्र कधी घोटाळा होत नसे. तिच्या डोक्यात प्रत्येक महिन्याची खूण निराळी होती. त्या काळी मला ते तिचं अडाणीपण वाटे आणि भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ म्हणजे ज्ञान. आता उलटं वाटतं, असंही सोपं करून सांगता येणार नाही. किल्लीचं घड्याळ फार उपयोगाचं होतं. पण आजी जे करत होती ते कठीण होतं, हे मला फार उशिरा समजलं.

कारण उभी काठी हे वेळ सांगण्याचं वाईट साधन आहे. सूर्याच्या हिशेबानं सकाळचे नऊ वाजलेले असताना पुण्यात रोवलेल्या उभ्या काठीची सावली डिसेंबरात वायव्येला जाते. जूनमध्ये त्याच नऊ वाजता ती पश्चिमेकडे जाते आणि थोडी नैर्ऋत्येला झुकते. म्हणजे उभ्या काठीभोवती नऊची एक रेघ ओढताच येत नाही. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतला शंकू, म्हणजे सावलीसाठी रोवायची काठी, बारा अंगुळांचा, तो उभाच असे. त्यावरून वेळ काढायची तर सावलीची लांबी मोजून, त्या दिवशी सूर्य किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते धरून, आकडेमोड करावी लागे. शंकूचं खरं सामर्थ्य दिशा दाखवण्यात होतं. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथात, ती रीत आहे, आणि भाच्यानं व मी ती गच्चीवर करून पाहिली. शंकूभोवती खडूनं वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण, दुपारनंतर बाहेर जाताना शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. यात अंकगणित नावालाही नाही. मोबाइलमधलं होकायंत्र स्लॅबमधल्या सळ्यांमुळे दर पावलाला मत बदलत होतं, खडूच्या दोन खुणा मात्र जागच्या जागी होत्या.

सगळी करामत तिरकेपणात आहे. आणि तो तिरकेपणा मी आधी एकदा पाहिला होता, त्याच्यावर चढूनसुद्धा, तरी तेव्हा डोक्यात शिरला नव्हता.

बँकेतल्या मैत्रिणींबरोबर जयपूरला गेले होते तेव्हाची गोष्ट. जंतरमंतर या जुन्या वेधशाळेत सम्राट यंत्र नावाचा तो अवाढव्य जिना आहे, खरं तर तेही सूर्यघड्याळच. जिना म्हणजे भिंतीच्या डोक्यावर चढत जाणाऱ्या पायऱ्या, सुमारे २७ मीटर उंचीपर्यंत, आणि वर पोचल्यावर जायला कुठेच जागा नाही. सवाई जयसिंगानं तो १७३० च्या दशकात बांधून घेतला. पितळी यंत्रं लहान असतात, झिजतात, हलतात. म्हणून दगड-चुन्याची आणि राक्षसी आकाराची यंत्रं, अशी त्याची धारणा होती. वाटाड्या तरुण होता आणि फार भराभर बोलत होता. अक्षांश २७, उंची २७ मीटर, आणि यंत्राची वेळ तुमच्या घड्याळापेक्षा २७ मिनिटं मागे, असे तीन २७ त्यानं एका श्वासात आमच्या अंगावर फेकले. तीनही आकडे ढोबळमानानं खरे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आमच्यातल्या एकीनं त्यावरून तिथल्या तिथे नक्षत्रंही २७ असल्याचं काढलं, आणि मग काय, सगळ्या भारावल्या. मी पायऱ्यांच्या थंडगार बाजूला टेकले होते. समोर संगमरवराची भली मोठी कमान, तिच्यावर कोरलेल्या बारीक रेघा, आणि सावलीची कड त्या रेघांवरून चालत होती. चालत होती म्हणजे अक्षरशः डोळ्यांना दिसत होती: सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, मिनिटाला चार बोटं. काळ सरकताना असा उघड्यावर बघायची सवय नसते आपल्याला. मला किंचित मळमळल्यासारखं झालं, तो उन्हाचाही परिणाम असेल.

या यंत्रावर दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जवळ जाऊन पाहिलं तर सावलीची कड ही कडच नसते. सूर्य म्हणजे ठिपका नाही, थाळी आहे. तिला स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला दोन मिनिटं लागतात. त्यामुळे एवढ्या लांबून पडलेल्या सावलीला वीतभर नाही तरी चांगला अर्धी वीत भरेल असा धूसर काठ येतो, करडा, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते न सांगणारा. त्यात बारीक दोरा धरून त्याची सावली कुठे विरते ते बघायचं, तेव्हा कुठे सेकंदांची भाषा बोलता येते. मला हे तिथल्या फलकांपेक्षा जास्त आवडलं. (याच वेधशाळेची १९०१ च्या सुमारास दुरुस्ती झाली, तेव्हा कामावर होता विशीही न गाठलेला चंद्रधर शर्मा गुलेरी. हिंदी कथेत नाव कमावलेला तोच. दिवसभर दगडी रेघा तपासून तो घरी जाऊन काय लिहीत असेल, असा विचार माझ्या मनात उगाच येऊन गेला.)

तर त्या कमानीवरच्या रेघा. काकूंचा प्रश्न डोक्यात घेऊन मी जुने फोटो काढून बघत बसले, आणि तिथे उत्तर होतं. सम्राट यंत्राच्या कमानीवर सगळे तास सारखे आहेत. बारा ते एक जेवढा, तेवढाच पाच ते सहा.

तिथून मागे यायचं. जिन्याची कड आकाशातल्या ध्रुवाकडे रोखलेली आहे. पृथ्वी ज्या अदृश्य दांड्याभोवती फिरते, त्या दांड्याला ती समांतर आहे. सूर्य इतका लांब आहे की खरा दांडा पृथ्वीच्या पोटात असो किंवा त्याची नक्कल जयपूरच्या चौकात असो, त्याला फरक पडत नाही. आपल्याला पृथ्वी फिरताना दिसत नाही, सूर्य फिरताना दिसतो. पण तो फिरतो तो या दांड्याभोवती, आणि एकाच चालीनं फिरतो. चोवीस तासांत एक फेरा. उन्हाळ्यात तो फेरा वरून घेतो, हिवाळ्यात खालून, पण दांडा तोच. म्हणून ध्रुवाकडे रोखलेल्या काठीची नऊची सावली बारा महिने नऊच्याच रेघेवर पडते. आजीला प्रत्येक महिन्याची वेगळी खूण लक्षात ठेवावी लागायची, ते सगळं ओझं हा एक कल उचलतो. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितकी काठी तिरकी. जयपूरला २७ अंश, कन्याकुमारीला अवघे ८, पुण्यात साडेअठरा. हात ताणून मूठ धरली की साधारण दहा अंश झाकले जातात, तेव्हा पुण्यात ध्रुव दोन मुठींच्या जरा खाली. आमच्या गच्चीवरून तिथे समोरच्या टॉवरचा नववा मजला आहे, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी काकू साबुदाण्याच्या पापड्यांना आल्या तेव्हा आमची तयारी होती. भाच्यानं जाड पुठ्ठ्याची चकती कापली होती, मधून काठापर्यंत बरोबर १० सेंटीमीटर. तिच्यावर दोन्ही बाजूंनी तासांच्या रेघा, सगळ्या सारख्या अंतरावर, १५ अंशांना एक. ती चकती सुईत काटकोनात ओवली आणि सुईवरून सरकवत इतकी खाली आणली, की तिचा खालचा काठ फळीला टेकला. पुण्यात सुई बरीच निजलेली असते, त्यामुळे चकती जवळजवळ उभीच राहिली. आणि सुईच्या वरच्या टोकाची बारीक सावली चकतीच्या उत्तरेकडच्या अंगावर पडली, सारख्या रेघांपैकी एकीवर. मे महिना म्हणून उत्तरेकडचं अंग. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य पलीकडे गेला की दक्षिणेकडचं अंग कामाला लागतं. जयपूरच्या नाडीवलय यंत्राला अशाच दोन तबकड्या आहेत, सहा-सहा महिने वाटून घेतलेल्या.

"हे बघा काकू, इथे सगळे तास सारखे," मी म्हटलं. काकूंनी हात पुसून जवळ येऊन पाहिलं. "हे बरोबर आहे. मग ते खालचं कुणी बिघडवलं?"

फळीनं. सूर्यानं नाही. हे दाखवायला आम्ही शिवणाचा दोरा घेतला. चकतीच्या मध्यापासून एकच्या रेघेवर धरून तो तसाच पुढे ताणला, चकतीच्या बाहेर, फळीला लागेपर्यंत. बाराची रेघ सरळ खाली, चकती टेकली होती तिथेच. एकचा दोरा तिथून पावणेतीन सेंटीमीटरवर टेकला. दोनचा सहाच्या जरा अलीकडे. तीनचा दहावर. चारचा सतरा ओलांडून. पाचचा दोरा फळीवरून उतरून थेट गच्चीच्या फरशीकडे निघाला, म्हणून काकूंचा पापड्यांचा पाट खाली घालून जागा वाढवावी लागली. तो ३७ सेंटीमीटरवर पोचला. आणि सहाचा? सहाचा दोरा आडवाच. किती ताणला तरी जमिनीला लागणार नाही. काकूंनी तो दोरा स्वतः हातात धरला आणि गच्चीच्या कठड्यापर्यंत चालत गेल्या, बघायला. मग प्रत्येक खुणेपासून सुईच्या बुडाशी पट्टी लावून आम्ही रेघा ओढल्या. छापील कागदावरच्या रेघा आणि या रेघा एकावर एक बसल्या. सूत्र म्हणून जे काही असेल ते एवढंच सांगत होतं. भाचा थोडा हिरमुसला, कारण त्याच्या साइटनं जे एका टिचकीत केलं ते दोऱ्यानं करायला अर्धी सकाळ गेली होती.

काकू मात्र कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे काकडी तिरकी चिरली की चकती लांबट होते, तसं आहे तर."

मी यावर कितीतरी वेळ विचार केला, आणि जितका केला तितकी ती उपमा चपखल निघाली. काकडी ध्रुवाकडे तोंड करून धरा, तिच्या अंगावर लांबीनं सारख्या अंतरावर चिरा द्या, चोवीस तासांच्या चोवीस. आडवी सरळ कापली तर गोल चकती, कडेवर खुणा सारख्या. जमिनीला समांतर कापली तर लांबुडकी, उत्तर-दक्षिण ताणलेली चकती, आणि तिच्या मधून पाहिलं तर लांब टोकाकडच्या खुणा दाटीवाटीत, आखूड बाजूकडच्या मोकळ्या. पुण्याच्या अक्षांशावर ती चकती रुंदीच्या तिपटीहून थोडी जास्त लांब होते. लंडनला ध्रुव बराच वर आहे, काकडी बरीच उभी, म्हणून तिथल्या बागांमधल्या घड्याळांचे तास इतके विषम दिसत नाहीत. बारा ते एक १२ अंश. आणि थेट उत्तर ध्रुवावर जाऊन फळी मांडली तर काकूंना हवे तसे सगळे तास एकसारखे मिळतील. सहा महिने.

यावरून हेही कळतं की सूर्यघड्याळ हे गावाला बांधलेलं असतं. भाच्याच्या एका मित्रानं परदेशी साइटवरचा कागद आहे तसा छापून आणला होता आणि तो बिचारा चांगला चिकटवलेलाही होता. त्याला मी रोमची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी २६३ साली रोमन सेनेनं सिसिलीतलं कटाना जिंकलं आणि लुटीबरोबर तिथलं सूर्यघड्याळ आणून रोमच्या चौकात उभं केलं. सिसिली चारेक अंश दक्षिणेला. रेघा रोमला लागू नव्हत्या. रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की रोमचे लोक त्याच्यावर ९९ वर्षं विसंबून होते, आणि मग कुणीतरी रोमसाठी आखलेलं दुसरं त्याच्या शेजारी बसवलं. मित्र म्हणाला, म्हणजे माझं चालेल अजून. कोर्टात जाणारा मुलगा आहे तो.

काकूंना दुसऱ्याही एका गोष्टीत रस होता, जी मला कधी दिसली नव्हती. मार्च उजाडेपर्यंत पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेला दिवसभर ऊन असतं, तिथे वाळवण घातलं तर चालतं. मे आला की तो पट्टा सोडावा लागतो, कारण सकाळ-संध्याकाळ टाकीची सावली तिकडेच येते. त्यांना हे हातांनी ठाऊक होतं. पुस्तकी भाषेत सांगायचं तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यातला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आकाशाच्या उत्तर अंगालाच असतो, आणि या मुदतीच्या दोन टोकांना भर दुपारी अगदी माथ्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. तिरक्या सुईची होत नाही. ती सुईच्या पोटाखाली बाराच्या रेघेवर मुकाट पडून असते. जुलैतला तसा दिवस ढगांत जातो, मेमधला आम्ही पाहिला. पाण्याच्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली गेली आणि भाच्यानं मोबाइल पाहिला तर १२ वाजून ३१ मिनिटं झाली होती.

सोसायटीतल्या लोकांचा खरा आक्षेप इथे सुरू झाला. जो तो वर येई, फळीकडे पाही, मनगटाकडे पाही आणि म्हणे, छान आहे पण मागे आहे. एका काकांनी तर सुई किंचित फिरवून "दुरुस्त" करून टाकली, ती आम्हाला परत खडूच्या खुणांवर आणावी लागली. आपल्या सगळ्यांच्या घड्याळांचा सूर्य मिर्झापूरच्या आसपास डोक्यावर येतो, साडेब्याऐंशी रेखांशावर. पुणे त्याच्या पश्चिमेला आहे. सूर्याला एक अंश यायला चार मिनिटं लागतात, त्या हिशेबानं आपल्यापर्यंत पोचायला त्याला ३५ मिनिटं लागतात. मुंबईला ३९. नागपूरला १४ पुरतात. आपण एकाच राज्यात एकाच वेळी जेवायला बसतो, पण गडचिरोलीची दुपार मुंबईच्या आधी जवळजवळ अर्धा तास होऊन गेलेली असते. १९०६ साली देशाची वेळ एक झाली तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं १९५५ पर्यंत सोडली नव्हती. माझे वडील गिरगावात नोकरीला होते. वेळ सांगताना ती कुठली, बॉम्बे की स्टँडर्ड, हे विचारून घ्यायची सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली होती आणि आम्ही हसायचो. मला त्या वेळेबद्दल हळहळ वाटते का? रेल्वेचं वेळापत्रक हातात घेतलं की मुळीच नाही. पण गच्चीवर भर उन्हात १२ ला सूर्य पूर्वेला कललेला दिसतो, तेव्हा कुठेतरी काहीतरी आपलं परस्पर ठरवलं गेलंय असं वाटतं खरं.

३५ मिनिटं वजा केली तरी हिशेब बारा महिने जुळत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला पुण्यातला माध्यान्ह १२:४९ ला होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ लाच. पृथ्वीची वाट पुरती गोल नाही, जानेवारीत ती सूर्याच्या सगळ्यात जवळून आणि जोरात जाते. शिवाय तिचा दांडा कललेला आहे. या दोन गोष्टी मिळून सूर्याला कधी पुढे काढतात, कधी मागे पाडतात. याची साक्ष काढायला फळीसुद्धा लागत नाही. संक्रांत झाली, दिवस मोठा होतोय म्हणतो आपण, आणि संध्याकाळी उजेड वाढलेला दिसतोही. पण सकाळी मुलांना शाळेच्या बसपाशी सोडताना जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अंधार वाढतच जातो. हिवाळ्यातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त तर नोव्हेंबर सरता सरताच होऊन गेलेला असतो, डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या कितीतरी आधी. दरवर्षी थंडीत चहा करताना मला वाटायचं की हे माझ्याच मनाचे खेळ आहेत. नव्हते.

भाच्याला लोकांचे टोमणे सहन होईनात. त्याचं म्हणणं, आपण आकडे पुढे सरकवून लिहू, म्हणजे मोबाइलशी जुळेल. माझं म्हणणं, मोबाइलशी जुळवायचं तर मोबाइल आहेच की खिशात. ही फळी आमच्या गच्चीवरचा सूर्य दाखवते, तेवढंच तिला दाखवू द्या. बराच वाद झाला. काकूंनी आमच्यात पडायला नकार दिला. त्यांचं सोऱ्यात पीठ भरून तयार होतं. शेवटी तोडगा निघाला तो असा की आकडे जसेच्या तसे ठेवायचे आणि शेजारी एक कागद लावायचा. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: या घड्याळात मिळवा, फेब्रुवारी ४९ मिनिटे, मे ३१ मिनिटे, नोव्हेंबर १८ मिनिटे, बाकीचे महिने मावशीला विचारा. खाली थोडी जागा उरली होती, तिथे त्यानं लाल पेनानं वाढवलं: ढग असल्यास आपले घड्याळ बरोबर आहे, कृपया सुईला हात लावू नये.